निवेदन स्वीकारताना

फोन उघडा आणि कुठल्याही लोकप्रतिनिधीचं पान चाळा. दहा फोटोंत एक तरी हमखास असा सापडतो: डावीकडे चार-पाच माणसं, उजवीकडे साहेब, मधे एक कागद. कागदाला दोन्ही बाजूंनी हात लागलेले. कागदाकडे कुणीच बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. खाली ओळ असते, अमुक शिष्टमंडळाचे निवेदन स्वीकारताना. मराठीत ‘ताना’ लागला की दुसरं काहीतरी घडायचं असतं. जेवताना ठसका लागतो, रस्ता ओलांडताना फोन वाजतो. इथं मात्र पुढची क्रिया येत नाही. निवेदन स्वीकारताना... आणि वाक्य तिथंच लटकतं. कित्येकदा त्या निवेदनातलं कामही तिथंच लटकतं.

समीक्षा कथा-कवितांचीच करावी असा काही नियम नाही. शाळा सुटल्यावर आपल्यातल्या बहुतेकांनी जे मराठी सर्वांत जास्त वाचलं, ते फ्लेक्सवरचं, स्टेटसवरचं आणि निवडणुकीच्या तोंडावर दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या गुळगुळीत कार्यअहवालातलं आहे. मी नागपुरात राहतो, त्यामुळे हे वाङ्मय माझ्या वाट्याला जरा जास्तच येतं. केंद्रात मंत्री असलेले नितीन गडकरी 2014 पासून इथले खासदार. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये इथंच नगरसेवक झाले, 1997 मध्ये महापौर, 1999 पासून आमदार, पुढे मुख्यमंत्री. शिवाय 1953 च्या नागपूर कराराच्या पुण्याईनं हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकारच इथं मुक्कामाला येतं. प्रतिनिधी दूर आहेत अशी तक्रार करायला नागपूरकराला फार जागा नाही. म्हणूनच या जवळिकीची भाषा इथं नीट वाचता येते.

विशेषणांपासून सुरुवात करू. नागपूरनं 1962 मध्ये लोकसभेवर निवडून दिलेल्या माधव श्रीहरी अण्यांना ‘लोकनायक’ म्हणत. 1971 मध्ये निवडून दिलेल्या जांबुवंतराव धोट्यांना ‘विदर्भवीर’. दोन्ही पदव्या चळवळीतून आल्या होत्या, आणि त्या माणसाचं राजकारण पटो न पटो, पदवीचा अर्थ सांगता येत होता. आजच्या ‘कार्यसम्राट’ या शब्दाचा अर्थ मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. काम करणारा सम्राट, की कामांवर राज्य करणारा? एका चौकात मी तीन कार्यसम्राट मोजले आहेत, तिघंही एकाच पक्षाचे. सम्राटाचं साम्राज्य किती, तर एक प्रभाग.

पण विशेषणं निरुपद्रवी असतात, लोक हसून सोडून देतात. कार्यअहवालाचं खरं बळ त्याच्या क्रियापदांत आहे. ‘निधी खेचून आणला’ हे त्यातलं सर्वांत लाडकं. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. ही योजना डिसेंबर 1993 पासून आहे. आमदारांसाठीही राज्याची अशीच योजना आहे. दोन्हींत प्रतिनिधी काम सुचवतो. मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा आणि बिल हे जिल्हा प्रशासनाच्या मार्फत होतं. म्हणजे कायद्यानं त्याच्या हातात आहे ती शिफारस. अहवालात मात्र तो दोरी लावून निधी ओढत आणतो. जणू मंत्रालयात कुणीतरी पैसे दाबून बसलं होतं आणि आपल्या माणसानं मनगटाच्या जोरावर ते सोडवून आणले. या एका क्रियापदानं हक्काचं उपकारात रूपांतर होतं. रस्ता ही तुमच्या करातून झालेली गोष्ट असते हे विसरून आपण आभाराचा फ्लेक्स लावतो, तोही वर्गणी काढून!

दुसरा शब्द ‘पाठपुरावा’. मला तो मनापासून आवडतो. जुना, चिवट शब्द आहे. एखाद्या गोष्टीची पाठ न सोडणं त्यात आहे. पण अहवालात तो कायम ‘सुरू आहे’ या स्थितीत असतो. पाठपुरावा केला आणि काम झालं, तर काम ‘खेचून आणलेलं’ असतं. काम झालं नाही, तर ‘पाठपुरावा सुरू आहे’. अपयशासाठी या भाषेत जागाच ठेवलेली नाही. मी मागणी केली, ती फेटाळली गेली, कारण अमुक होतं, हे एवढं साधं वाक्य मी आजवर एकाही कार्यअहवालात वाचलेलं नाही. खरं तर मतदाराला सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे. नकार कुठून आला हे कळलं तर तो पुढचा दरवाजा ठोठावेल.

आता समोरच्या बाजूचा कागद बघू, कारण दोष एकट्या नेत्याच्या भाषेचा नाही. निवेदन हा लोकांनी लिहिलेला साहित्यप्रकार आहे आणि तोही तितकाच दगडी झाला आहे. घरात ‘तीन दिवसांपासून गडर तुंबून हाये, लेकरं बिमार पडून राह्यले’ म्हणणारी बाई निवेदनात ‘उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की परिसरातील सांडपाणी निचऱ्याची समस्या गंभीर स्वरूप धारण करीत आहे’ असं लिहून मोकळी होते. म्हणजे लिहितो दुसराच कुणी. ती सही करते. तिच्या वाक्यात तीन दिवस होते, लेकरं होती. कागदावर आल्यावर दिवसही गेले, लेकरंही गेली. उरली ती ‘समस्या’, जिला घर नंबर नाही. साहेब ज्या भाषेत उत्तर देतात ती आपण आधीच त्यांच्या हातात ठेवलेली असते.

म्हणून तोंडी भेटीला अजून किंमत आहे. गडकरींचं खामल्याचं जनसंपर्क कार्यालय काय किंवा इतर नेत्यांचे ‘जनता दरबार’ काय, तिथं माणूस कागद पुढे करतानाच बोलू लागतो, आणि बोलताना लेकरं परत येतात. ‘दरबार’ या शब्दावर टीका पुष्कळ झाली आहे: लोकशाहीत दरबार कसला वगैरे. ती बरोबरच आहे. पण मला त्या शब्दापेक्षा तिथली बसण्याची रचना जास्त खटकते. खुर्ची एक, रांग एक, आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ फोटोपुरता. रांगेतल्या दहाव्या माणसाची अडचण पाचव्याचीच असते हे दोघांनाही कळत नाही, कारण प्रत्येक जण साहेबांशी एकट्यानं बोलतो. एकाच नळाच्या पाण्यासाठी आलेली दोन माणसं एकमेकांशी न बोलता घरी जातात.

मराठी सिनेमानं राजकारण भरपूर दाखवलं, पण ही रांग फारशी दाखवली नाही. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ 1979 चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. साधू मूळचे आमच्याकडचे, परतवाड्याचे. आजही तो सिनेमा लागला की मी पुढे ढकलत नाही. पण नीट बघा: फोन, बंद खोल्या, आकड्यांची जुळवाजुळव, पत्रकार दिगू टिपणीसचे थकलेले डोळे. शहर आहे, झोपडी आहे, संप आहे. आपलं काम घेऊन आलेला साधा मतदार आणि त्याच्या कामाचं पुढं काय झालं, ही गोष्ट मात्र त्या सिनेमाची नाही. सत्ता कशी मिळते आणि कशी जाते, हे त्यानं फार पक्कं शिकवलं. इतकं पक्कं, की आपण राजकारण म्हणजे तेवढंच समजू लागलो. रीलवर आजही ‘किंगमेकर’ चालतो, गडर कुणी बघत नाही.

त्याच्या चार वर्षं आधीचा ‘सामना’ मला या बाबतीत उजवा वाटतो. हिंदुराव धोंडे पाटलाच्या साखरेच्या साम्राज्यात शिरलेला तो दारुडा मास्तर एकच प्रश्न घेऊन बसतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं झालं काय? पाहुणचार होतो, धमकी होते, मास्तर प्रश्न सोडत नाही. मराठी पडद्यावर मी पाहिलेला खरा पाठपुरावा हा. तो लोकप्रतिनिधीनं केलेला नाही, त्याच्या गावात आलेल्या एका उपऱ्यानं केलेला आहे, ही त्यातली मेख.

नागपुरात मात्र मधल्या काळात प्रश्न विचारायला समोर माणूसच नव्हता. महापालिकेची 2017 ची निवडणूक 38 प्रभागांत झाली, नगरसेवक 151. एका प्रभागात चार (एका ठिकाणी तीन), त्यामुळे गडरीचं विचारायला गेलं की ‘ते माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे’ हे उत्तर ठरलेलं. चौघांचे फोटो एका फ्लेक्सवर, काम चौघांच्या मधल्या फटीत. पण मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि ती फटही बरी होती असं वाटू लागलं. प्रशासक आले आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. जवळपास चार वर्षं या शहराला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. फ्लेक्स मात्र एक दिवसही उतरले नाहीत. त्यांवर ‘माजी’ होते आणि ‘भावी’ होते. वर्तमानकाळ तेवढा रिकामा होता.

त्या रिकाम्या काळातच 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीनं काठ सोडला, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा सुखवस्तू वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. माणसं दगावली. प्रभागातली नाली कुठं अडते, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे ज्याला पाठ असायला हवं आणि ज्याला रात्री तीनला शिव्या देता येतात, तो माणूस पदावर नव्हता. उपमुख्यमंत्री असलेले फडणवीस पाहणीला आले तेव्हा संतापलेल्या रहिवाशांनी त्यांना घेरलं आणि ते व्हिडिओ फोनोफोन फिरले. राजकीय पक्षांनी त्यांचा आपापल्या सोयीनं वापर केला, तो सोडा. समीक्षक म्हणून मला त्या हलत्या, फाटक्या आवाजाच्या चित्रणात एक गोष्ट दिसली: त्यात लोक आधी बोलतात. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. मधे कागद नाही. ‘उपरोक्त विषयान्वये’ नाही. संपर्क कार्यालयानं काढलेल्या हजार फोटोंत जे नाही ते त्या मिनिटभरात आहे. फक्त त्यासाठी घरात कमरेइतकं पाणी यावं लागलं.

आणि कागद स्वीकारायलाच कुणी आलं नाही, तर? त्याचं उत्तर या शहरानं 23 नोव्हेंबर 1994 ला पाहिलं आहे. हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीचा दर्जा मागत विदर्भातून आलेला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे पोलिसांनी अडवून धरला. हजारो माणसं, त्यांत बायका आणि लेकरं मोठ्या संख्येनं. सरकारच्या वतीनं कुणीतरी येईल, निवेदन घेईल, दोन शब्द बोलेल म्हणून ती दिवसभर थांबली. कुणी आलं नाही. संध्याकाळी पोलिसांचा लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली, त्यात 114 जण मेले. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचडांनी राजीनामा दिला. चौकशी आयोग बसला. मागणी पुढे न्यायालयात गेली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती मान्य केली आणि डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. एवढ्या वर्षांचा पाठपुरावा कुठल्याच अहवालात मावणारा नाही.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव दिलेलं आहे. झिरो माइलजवळ स्मारक आहे आणि दर 23 नोव्हेंबरला तिथं गर्दी होते. एरवी रिक्षावाल्याला ते पूर्ण नाव सांगून बघा, तो दोनदा विचारेल. बर्डीचा पूल म्हटलं की लगेच निघेल. दर अधिवेशनात यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेडपाशी थांबतात, पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीत बसून आत जातं. बाकीचे रस्त्यावर बसून डबे सोडतात. तासाभरानं आतून फोटो येतो. मग त्या बाया फोन एकमेकींकडे देत, दोन बोटांनी फोटो मोठा करून, आपला कागद साहेबांनी उघडला की घडी तशीच आहे ते बघत बसतात.