सत्य आणि सोबत : ‘श्वास’ पुन्हा पाहताना

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली आला आणि ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे परत आला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या कलाकृतीचे कौतुक पुष्कळ झाले. आज ती पुन्हा पाहताना आम्ही तिला एकच कसोटी लावणार आहोत. ज्या घरातील लेकराला गाठ असल्याचे निदान झाले, त्या घराला सोबत कशी करावी, हे या चित्रपटातून आपणांस कितपत उमगते?

कथानक वाचकांच्या स्मरणात असेल. कोकणातील परशुराम या लहान मुलाला दिसेनासे होऊ लागते. आजोबा त्याला पुण्यास आणतात. निदान होते ते डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचे. दोन्ही डोळे काढले तरच मूल वाचेल. ही गाठ वेळीच आवरली नाही तर दृष्टीच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचू शकते. म्हणून मेंदूच्या गाठीशी झुंजणाऱ्या घरांनाही ही कथा आपलीच वाटेल. जीव वाचविण्यासाठी काही गमवावे लागणार असते, आणि त्याला होकार घरच्यांनी द्यावयाचा असतो.

दिग्दर्शकाचे पहिले यश असे की, त्याने येथे कोणालाही खलनायक केले नाही. संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर साने घाईत असतात, तुटक बोलतात. पण खोटा दिलासा देत नाहीत. अरुण नलावडे यांचे आजोबा दुसरा काही उपाय आहे का, असे फिरून फिरून विचारतात. एखाद्या शिकलेल्या माणसास हे अडाणीपण वाटेल. आम्हांला मात्र त्यात निदानाच्या धक्क्याचे अचूक निरीक्षण दिसते. अशा घडीला कानांवर पडलेले शब्द मनात उतरत नाहीत. ते पुन्हा सांगावे लागतात, शक्य तर लिहून द्यावे लागतात. अमृता सुभाष यांनी उभी केलेली आसावरी, म्हणजे रुग्णालयातील समाजसेविका, हेच काम करते. डॉक्टरांची भाषा ती घरच्या भाषेत आणते आणि घरच्यांची भीती डॉक्टरांपर्यंत नेते. हे पात्र दुय्यम समजले जाण्याचा संभव आहे. आमच्या मते चित्रपटाचा कणा तेच आहे.

सर्वांत अवघड काम मुलाला सांगण्याचे. आपल्याकडे लेकरापासून आजार लपविणे हीच माया समजली जाते. डॉक्टर मात्र आग्रह धरतात की, शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला कळलेच पाहिजे. अश्विन चितळे या बालकलाकाराचा अभिनय आपणांस पटवून देतो की, मुलाला पुष्कळसे आधीच जाणवलेले असते. मोठ्यांच्या कुजबुजीने ते अधिक एकटे पडते. पुढे शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात, त्याने जग एकदा डोळे भरून पाहावे म्हणून. नियम मोडला, हे खरे. परंतु आजोबांनी उपचार नाकारलेला नाही. मुलाला घेऊन ते परत येतात. उपचार चालू असतानाही मुलाचे बालपण राखता येते, हे येथे एकही उपदेश न करता सांगितले आहे.

आता उणीव. काळा चष्मा घातलेला परशुराम गावी परततो आणि चित्रपट थांबतो. कलेच्या दृष्टीने हा शेवट संयत आहे. परंतु सोबतीची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. मेंदूच्या गाठीचेच पाहा. सकाळी डोके दुखून उलटी होणे, चालताना तोल जाणे, एकाच्या जागी दोन दिसणे, या लक्षणांना पित्त किंवा अभ्यासाची टाळाटाळ समजून दिवस जातात. शस्त्रक्रियेनंतर काही गाठींसाठी आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे सहा आठवडे किरणोपचार चालतात. मग कित्येक महिने औषधे. वाचलेले मूल शाळेत मागे पडू शकते, त्याची वाढ मंदावू शकते. हा लांबलचक काळ, त्यात झिजणारी आई आणि नातलगांकडे ठेवलेली भावंडे यांना ‘श्वास’मध्ये जागा मिळालेली नाही.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरातून, ही वाट पुष्कळांना पुण्यास किंवा मुंबईस नेते. पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असेल, तर त्याने सहा आठवडे मुंबईत कसे काढावेत? परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना उपचारकाळात विनामूल्य निवारा देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तरी कागद गोळा करून देणारे, एसटीत शेजारी बसणारे माणूस लागतेच. ‘श्वास’ ऑस्करच्या स्पर्धेत भारतातर्फे गेला, तेव्हा त्याच्या खर्चासाठी महाराष्ट्रातील सामान्य माणसांनीही वर्गणी दिली. पडद्यावरील परशुरामासाठी उघडलेला तो हात शेजारच्या घरासाठीही उघडावा.

आसावरीचा वाटा आता धर्मग्रामाने उचलावयाचा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. दुःखाची कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आईबापांनी स्वतः उच्चारले तर ती श्रद्धा. भेटीस आलेल्याने घाईने उच्चारले तर तो घाव. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून निघून येऊ नये. मंगळवारचा डबा आम्ही पोहोचवू, धाकटीला शाळेत आम्ही सोडू, असे ठरवून सांगावे आणि उपचार संपल्यानंतरही ते चालू ठेवावे. हा चित्रपट घरातील जाणत्या मुलांसह अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपल्या धर्मग्रामात असे घर कोणते आहे, एवढे विचारून घ्यावे.