‘तारे ज़मीन पर’ : बक्षीस न मिळालेल्या मुलाच्या बाजूने

डिसेंबर 2007 मध्ये ‘तारे ज़मीन पर’ प्रदर्शित झाला, तेव्हा मी माझ्या भाच्याला घेऊन तो पाहायला गेले होते. तो तेव्हा नऊ वर्षांचा, म्हणजे पडद्यावरच्या ईशान अवस्थीच्याच वयाचा. त्याला वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. का येत नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. थिएटरमध्ये मी रडले, माझी बहीण रडली, पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थही चष्मा काढून डोळे पुसत होता. भाचा मात्र गप्प होता. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना तो म्हणाला, “मावशी, मला तर चित्रंपण येत नाहीत.”

मला वाटतं, या चित्रपटावरची सर्वांत अचूक टीका त्या रिक्षात झाली. तेव्हा मात्र मी त्याची समजूत काढली. “तुलाही काहीतरी येत असेल, शोधू या की,” असं काहीसं बोलले. त्या वाक्यात काय चुकलं होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. 2025 मध्ये ‘सितारे ज़मीन पर’ आला. त्याचा विषय बौद्धिक अपंगत्वाचा, म्हणजे अगदी वेगळा. पण त्या निमित्ताने मी जुना चित्रपट पुन्हा दोनदा पाहिला. हा लेख त्या पाहण्यातून झाला आहे.

आधी ऋण मान्य करायला हवं. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या आणि आमिर खानने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाने ‘डायस्लेक्सिया’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचवला. शब्द जुनाच होता. 1887 मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने तो वापरला. पुढे 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. वर्षानुवर्षं शिकवूनही त्या मुलाला वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या मास्तरांचं मत असं होतं, की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तरीही आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही अशा मुलाला ‘ढ’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ हेच शब्द होते. माझ्या बहिणीने चित्रपट पाहिल्यानंतर दोन महिन्यांत मुलाची चाचणी करून घेतली. अशा कितीतरी आया असतील. एखाद्या कलाकृतीने एवढं केलं असेल, तर तिच्याविषयी बोलताना आवाज जरा खालीच ठेवावा.

पण ऋण मानणं वेगळं आणि वाचन वेगळं. चित्रपट ज्या वाटेने आपल्याला रडवतो, ती वाट तपासायला हवी.

ईशान चित्रकार आहे. शाळा बुडवून तो मुंबईभर भटकतो तेव्हा रंग आणि आकार टिपत असतो. बोर्डिंगमध्ये टाकल्यावर तो चित्रं काढणं थांबवतो, आणि हीच त्याच्या खचण्याची खूण ठरते. निकुंभ सर त्याच्या घरी जातात, त्याची जुनी चित्रं पाहतात, पानं भराभर उलटली की हलणारी ती वही पाहतात. तिच्यात एक लहान आकृती घरच्यांपासून लांब लांब जाते. शेवटी शाळेत चित्रस्पर्धा होते, परीक्षक म्हणून चित्रकार ललिता लाजमी स्वतः येतात, ईशान पहिला येतो आणि त्याचं चित्र शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर लागतं. आई-वडील कौतुकाने भारावतात. आपणही.

आता यातून चित्रकला काढून टाका. तोच मुलगा, तीच अक्षरांशी झटापट, तोच वडिलांचा संताप; फक्त हातात ब्रश नाही. निकुंभचं लक्ष त्याच्याकडे गेलं असतं का? बहुधा गेलं असतं, कारण निकुंभ स्वतः त्या वाटेने आलेला आहे. पण चित्रपटाचं लक्ष गेलं असतं का? मला शंका आहे. कथेच्या रचनेत ईशानची कला त्याच्या न वाचण्याची भरपाई म्हणून येते. एका पारड्यात तूट, दुसऱ्यात देणगी, आणि स्पर्धेच्या दिवशी तराजू समतोल. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण हिशेब जुळतो. ज्याचा हिशेब असा जुळत नाही तो मुलगा रिक्षात विचारतो, की माझं काय?

वर्गात निकुंभ थोरांची यादी सांगतो तिथेही हेच होतं. आईनस्टाईन, लिओनार्दो, एडिसन. यांतल्या आईनस्टाईन किंवा लिओनार्दो यांना डायस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही. मेलेल्या माणसांच्या चाचण्या घेता येत नाहीत. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी यादीचा हेतू उरतो. आमच्यात मोठी माणसं झाली, म्हणून आम्हाला मान द्या. जिला अलौकिकतेचा दाखला जोडावा लागतो ती सहानुभूती जरा स्वस्तातली असते. डायस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या गुणांचं कौतुक आज शाळाशाळांत होतं, पोस्टर लागतात, ‘सुपरपॉवर’ असा शब्दही ऐकू येतो. हेतू चांगलाच आहे. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्यावर आता दोन कामं येतात. एक, वाचायला शिकणं. दुसरं, आपली सुपरपॉवर शोधून दाखवणं.

मग त्यांच्या गुणांविषयी बोलूच नये का? बोलावं. आणि कसं बोलावं याचं उत्तम उदाहरण याच चित्रपटात आहे. फक्त ते स्पर्धेच्या मैदानावर सापडत नाही.

बोर्डिंग शाळेतला हिंदीचा तास आठवा. वर्गात एक कविता वाचली जाते. शिक्षक अर्थ विचारतात. ईशान आपल्या शब्दांत सांगतो, की कविता पाहण्याविषयी आहे, दिसणं आणि जाणवणं यांतल्या अंतराविषयी आहे. शिक्षकांना ते बाष्कळ वाटतं. दुसरा मुलगा उठून पाठ केलेला अर्थ धडाधड म्हणतो आणि शाबासकी मिळवतो. पुढे राजन, पायाने अधू असलेला त्याचा शेजारी, त्याला सांगतो, की खरा अर्थ तूच सांगितलास.

साहित्याच्या वाचकाला हा प्रसंग लागायला हवा. ज्याला वाचता येत नाही त्या एकट्यानेच इथे कविता वाचली आहे. बाकी वर्गाला अक्षरं येतात. आपण ‘वाचन’ या एका शब्दात दोन क्रिया कोंबतो, चिन्हाचा ध्वनी करणं आणि ध्वनीतून अर्थाकडे जाणं. डायस्लेक्सियात अडतं ते मुख्यतः पहिल्या क्रियेत. दुसरी शाबूत असते, आणि तिला कानाने वाट करून दिली तर चालते. ईशानचं हे बळ कुठलीही भरपाई नाही, त्याला बक्षीस मिळत नाही, वडिलांना ते कधी कळतही नाही. म्हणूनच ते मला खरं वाटतं.

मी भाच्याला दहावीचे धडे मोठ्याने वाचून दाखवत असे. एकदा एका गोष्टीच्या मध्येच त्याने मला थांबवलं. “या बाईला राग आलाय. पण लेखक तसं लिहीतच नाहीये, हो ना?” स्वाध्यायात असा प्रश्न नव्हता. मी त्या गोष्टीवर एकदा लिहिलं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

चित्रपटाची दुसरी अडचण त्याच्या चित्रभाषेत आहे. ईशानला अक्षरं नाचताना दिसतात. पडद्यावर ते छान दिसतं, आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलं. डायस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, असं आजही सुशिक्षित माणसं सांगतात. खरा अडथळा बहुतेकदा डोळ्यांपेक्षा ध्वनीच्या हिशेबात असतो, म्हणजे शब्दातले ध्वनी सुटे करणं, ओळखणं, चिन्हाशी झटकन जोडणं. निकुंभ ईशानच्या पालकांना ध्वनी आणि चिन्ह यांच्या नात्याबद्दल सांगतोही. पण सांगितलेलं विसरलं जातं, नाचणारं लक्षात राहतं.

शिवाय ती नाचणारी अक्षरं इंग्रजी आहेत. मराठी शाळेतल्या मुलाचं काय होतं याचं चित्र आपल्याकडे कुणी काढलेलं नाही. आपली लिपी जशी बोलतो तशीच लिहिली जाते, तेव्हा तिच्यात ही अडचण नसावी, असा एक अभिमानी गैरसमज मी अनेकांकडून ऐकला आहे. भाच्याच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण उच्चारायची क नंतर. ‘सूर्य’मधला र बोलताना य च्या आधी येतो, लिहिताना य च्या डोक्यावर जाऊन बसतो, ‘चक्र’मध्ये तो पायाशी तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये टोपी, ‘पुऱ्या’मध्ये आणखी काही. एकच ध्वनी आणि इतके वेश. घ आणि ध, भ आणि म, यांच्यात वीतभरही अंतर नाही. त्याच्या वहीत एकाच पानावर ‘प्रकाश’ तीन तऱ्हांनी लिहिलेला आहे, आणि तिन्हींवर लाल फुली आहे. निकुंभ वह्या पाहतो तेव्हा चुकांमध्ये नमुना शोधतो. आपले शिक्षक, आणि मीही, फक्त फुल्या मोजत होतो.

त्या फुल्यांना आपण नाव दिलं आहे शुद्धलेखन. या शब्दाकडे कधी नीट पाहा. जे चुकलं ते अशुद्ध, म्हणजे जवळजवळ विटाळलेलं. ऱ्हस्व-दीर्घावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड मराठी साहित्यव्यवहारात खोलवर आहे, आणि मी तिच्यातून सुटलेले नाही. गंमत म्हणजे याच व्यवहाराने बहिणाबाई चौधरींना डोक्यावर घेतलं आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या, आणि 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक आलं. त्यांचं न वाचणं हा डायस्लेक्सिया नव्हे, त्यांना शाळाच मिळाली नव्हती. पण न लिहिणाऱ्या बाईच्या तोंडून भाषा उजळते हे मान्य करणारे आपण, तोंडी परीक्षा मागणाऱ्या मुलाकडे मात्र संशयाने पाहतो.

तोंडी परीक्षेचा प्रसंगही चित्रपटात आहे. निकुंभ मुख्याध्यापकांना सांगतो, की याची उत्तरं तोंडी घ्या, स्पेलिंगच्या चुकांकडे तूर्त काणाडोळा करा. मुख्याध्यापक मानतात. एका चांगल्या शिक्षकाने शब्द टाकला आणि एका साहेबांनी मन मोठं केलं, अशी ती मांडणी आहे. वास्तविक महाराष्ट्रात शालान्त परीक्षेसाठी अशा मुलांना सवलती चित्रपटाच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकातच मिळू लागल्या होत्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता कायद्यातल्या 21 प्रकारांत घेतली. म्हणजे आज हा हक्क आहे. पण रोजच्या वापरातला शब्द ‘सवलत’च राहिला, आणि सवलत म्हटली की पाठोपाठ ‘फायदा उपटणं’ येतं. भाच्याला दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला, त्याच्याहून खालच्या इयत्तेतला एक मुलगा. निकालानंतर त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी विचारलं, “मार्क तुझे की त्याचे?” सगळ्यांसमोर, हसत.

त्या शिक्षकांनीही ‘तारे ज़मीन पर’ पाहिला असणार, आणि रडलेही असतील. चित्रपटाने त्यांना ईशानसाठी रडायला शिकवलं; समोरच्या पोराच्या अर्ध्या तासासाठी गप्प राहायला शिकवलं नाही.

शिकवण्याचं प्रत्यक्ष काम तर चित्रपटात काही मिनिटांत उरकतं. वाळूत अक्षरं, मातीची अक्षरं, जिन्याच्या पायऱ्यांवर गणित. पद्धत बरोबर आहे. हात, डोळा, कान एकत्र आणायचे असतात. पण तिला लागणारा काळ गाळला गेला आहे. भाच्याची शिकवणारी बाई आठवड्यातून तीनदा यायची, चार वर्षं. बहुतेक दिवशी काहीच घडायचं नाही. कंटाळा हा या गोष्टीतला मुख्य प्रसंग आहे, आणि कंटाळ्याचं दृश्य करणं अवघड असतं हे मला मान्य आहे.

तरी एक दृश्य आहे. ईशानचे वडील शाळेत येऊन निकुंभला आपण मुलाची काळजी घेतो असं पटवू पाहतात. परत जाताना त्यांना दिसतं, की ईशान सूचनाफलकासमोर उभा राहून एकेक अक्षर जुळवत वाचतोय. वडील लांबूनच बघतात. स्पर्धा नाही, टाळ्या नाहीत. एक मुलगा अडखळत सूचना वाचतोय, एवढंच. चित्रपट इथे संपला असता तर मला अधिक आवडला असता. भाच्यालाही.

तो आता सत्तावीस वर्षांचा आहे. एका गोदामात पाळीप्रमुख आहे. निरोप बोलून पाठवतो, याद्या फोनकडून वाचून घेतो. चित्रं अजूनही येत नाहीत. त्याचं बलस्थान काय, असं कुणी विचारलं तर मला एका शब्दात सांगता येणार नाही, आणि आता ते शोधायची घाईही वाटत नाही. रिक्षात त्याला जे उत्तर द्यायला हवं होतं ते साधं होतं. नसेनात का येत. वाचायला तरी तुला शिकवायचंच आहे.