युरोपचे ऐक्य आणि खाणीतला माणूस

युरोपीय ऐक्याचा इतिहास आपले अभ्यासक रॉबेर शूमान यांच्या ९ मे १९५० च्या घोषणेपासून सांगतात. फ्रान्स व जर्मनीचा कोळसा आणि पोलाद सामायिक सत्तेखाली आले, १९५१ च्या पॅरिस कराराने सहा राष्ट्रे एकत्र आली, पिढ्यांचे वैर मिटले. ही मांडणी खोटी नाही. पण ती वरून पाहणाऱ्याची आहे. तो कोळसा खणला कोणी, हे ती विचारीत नाही.

१९४६ मध्येच इटली व बेल्जियम यांच्यात करार झाला होता. इटलीने मजूर द्यायचे, बेल्जियमने त्या बदल्यात कोळसा. अनेक मजुरांच्या वाट्याला युद्धकैद्यांच्या जुन्या बराकी आल्या. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ माणसे मेली. त्यांतली १३६ इटालियन होती. शूमान यांच्या घोषणेत कामगारांचे जीवनमान सुधारण्याची भाषा होती. परंतु खाणींच्या सुरक्षिततेसाठी कायम आयोग झाला तो १९५७ मध्ये, प्रेते मोजून झाल्यावर.

संयुक्त संस्थेच्या सल्लागार समितीत कामगारांचे प्रतिनिधी होते, हे मान्य केले पाहिजे. पण सल्ला देणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे. शेजारी राष्ट्रांच्या बाजारपेठा एक झाल्या म्हणून त्यांतली माणसे बरोबरीची होत नाहीत. अशा ऐक्याचे मूल्यमापन करताना सर्वांत खाली राबणाऱ्याच्या हाती निर्णयाचा किती अधिकार आला, हे आधी तपासावे लागेल.