विद्युत वाहन धोरण आणि वणी : एक परीक्षण

शासकीय धोरणाचे परीक्षण दोन प्रकारे करता येते. धोरणाने स्वतःपुढे ठेवलेली उद्दिष्टे कितपत सफल झाली हे पाहणे, हा एक प्रकार. ती उद्दिष्टे योग्य मापाने मोजली आहेत की नाहीत हे पाहणे, हा दुसरा. महाराष्ट्राच्या विद्युत वाहन धोरणाच्या बाबतीत दुसरा प्रकार अधिक उद्बोधक ठरतो. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे तालुक्याचे गाव निकष म्हणून घेणे उचित होय. कारण विजेच्या उगमाशी त्याचे नाते जवळचे आहे.

१९०५ पर्यंत सारा जिल्हा वणीच्याच नावाने, तत्कालीन इंग्रजी उच्चाराप्रमाणे ‘वून जिल्हा’ म्हणून, ओळखला जात असे. वर्धा नदीपलीकडील वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ ते १९०६ या काळात चालली. कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये, वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. उकणी, नीलजई, मुंगोली, कोलारपिंपरी ही वणी परिसरातील गावांची नावे आज खाणींची नावे झाली आहेत. नदीपलीकडे २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. वीज जिथून निघते ती भूमी ती हीच.

आता धोरणाकडे वळू. २०२१ च्या धोरणाने २०२५ पर्यंत नव्या वाहननोंदणीत १० टक्के वाटा विद्युत वाहनांचा असावा, असे ठरविले. चार्जिंग केंद्रांची संख्या शहरवार नेमून दिली : बृहन्मुंबईस १,५००, पुण्यास ५००, नागपुरास १५०, अमरावतीस ३०. २०२५ च्या धोरणाने ही मर्यादा ओलांडली. २०३० पर्यंत ३० टक्के नोंदणी, राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे पथकरमाफी, अशी त्याची प्रमुख कलमे आहेत. शहरांकडून महामार्गांकडे झालेली ही वाटचाल स्वागतार्ह आहे. तथापि दोन्ही धोरणांतील ठळक मापे संख्येची आहेत : किती वाहने, किती केंद्रे. वीज कोणती आणि ती कोणत्या वेळी भरली जाते, हे या मापांत येत नाही. वणीचा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

प्रथम अंतराचा विचार करू. वणीहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ शंभराहून अधिक. लहान विद्युत मोटारीत, उदाहरणार्थ २०२२ मध्ये बाजारात आलेल्या टियागोमध्ये, बॅटरीची क्षमता १९.२ किंवा २४ युनिट असते. शंभर किलोमीटरला, भरतानाची गळती धरून, १५ युनिट लागतात असे मानले, तर नागपूरला जाऊन वाटेत वा तेथे न भरता परत येणे तिला शक्य नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या वेळी वातानुकूलनाचा भार पडतो आणि सततच्या उष्णतेने बॅटरीची झीजही वाढते. याउलट गावातील कचेरी, न्यायालय, शाळा, बाजार वा खाण येथपर्यंतचा रोजचा तीसेक किलोमीटरचा फेरा हीच मोटार सहज पार पाडते. म्हणजे अंतराची अडचण खरी असली तरी ती निर्णायक नव्हे. महामार्गावरील केंद्रे वाढतील तशी ती कमी होईल.

दुसरा विचार उगमाचा. केवळ कोळशाच्या विजेवर शंभर किलोमीटर जाण्यासाठी सुमारे १० किलो कोळसा जळतो व सुमारे १५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला १६ किलोमीटर चालणारी पेट्रोलची मोटार तेवढ्याच अंतरात १४ किलोच्या आसपास वायू सोडते. देशातील विजेची सरासरी धरली, म्हणजे युनिटमागे सुमारे ०.७ किलो, तर विद्युत मोटारीचा आकडा साडेदहा किलोवर येतो. या हिशेबात पेट्रोलच्या शुद्धीकरणाचा भार धरलेला नाही, तसाच बॅटरीच्या निर्मितीचाही नाही. निष्कर्ष स्थूल असला तरी दिशा स्पष्ट आहे : लाभ आहे, परंतु तो मोटारीत नसून विजेत आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ग्रिडमध्ये सर्व वीज एकत्र होते. सबब वणीच्या मोटारीत वणीचाच कोळसा जळतो, असे म्हणणे शास्त्रशुद्ध नाही. शिवाय वीज स्वच्छ होत जाईल तशी जुनी विद्युत मोटारही आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या मोटारीला ही सोय नाही. दोन्ही मुद्दे मान्य करावे लागतात. मात्र त्यांतूनच वेळेचा प्रश्न पुढे येतो. घरी मोटार भरली जाते ती बहुधा रात्री, आणि सूर्यास्तानंतर भार मुख्यतः औष्णिक केंद्रांवरच पडतो. तीस किलोमीटरच्या रोजच्या फेऱ्यास साडेचार युनिट पुरतात. छपरावरील एक किलोवॅटचे सौर संच दिवसाकाठी सुमारे चार युनिट देतात आणि त्यांस शंभर चौरस फूट जागा लागते. कचेऱ्यांच्या, शाळांच्या आणि खाण-कार्यालयांच्या आवारात मोटारी दिवसभर उभ्याच असतात. तेथे दिवसा भरण्याची सोय झाली, तर तीच मोटार, तोच रस्ता आणि तोच चालक असूनही हिशेब पालटतो. २५ किलोमीटरच्या मापाने ही गोष्ट मोजता येत नाही.

तिसरा विचार न्यायाचा आहे. मुंबईत विद्युत मोटार धावते तेव्हा तेथील रस्त्यावरचा धूर निःसंशय कमी होतो. परंतु तिच्या विजेचा जो अंश कोळशातून येतो, त्याची धूळ, राख, उकरलेली जमीन आणि जड ट्रकांनी उखडलेले रस्ते खाणींच्या व वीजकेंद्रांच्या मुलखाच्याच वाट्याला राहतात. पथकरमाफी मिळते ती मात्र द्रुतगती मार्गावर. वणीच्या हवेच्या दृष्टीने पाहता, मोटारीपेक्षा खाण ते रेल्वे सायडिंग असे ठरावीक अंतराचे फेरे करणाऱ्या ट्रकांचे विद्युतीकरण अधिक निकडीचे ठरते. अंतर निश्चित, परतीची जागा निश्चित. म्हणून व्यवहार्यताही अधिक. केंद्र शासनाच्या २०२४ च्या पी. एम. ई-ड्राइव्ह योजनेत विद्युत ट्रकांचा समावेश आहे, ही या दृष्टीने महत्त्वाची बाब होय.

तात्पर्य, वणीत विद्युत मोटार अव्यवहार्य आहे असे या परीक्षणातून निष्पन्न होत नाही. रोजच्या वापरास ती आजच योग्य आहे. दूरच्या प्रवासास ती हळूहळू योग्य होईल. दोष आढळतो तो धोरणाच्या मोजपट्टीत. नोंदविलेल्या वाहनांच्या संख्येबरोबर दिवसा भरलेल्या युनिटांची संख्या, आणि महामार्गावरील केंद्रांबरोबर खाणपट्ट्यातील ट्रकांची संख्या मोजली जाऊ लागली, तर ज्या भूमीने आजवर इतरांस वीज पुरविली तिलाही या परिवर्तनात केवळ इंधनाचे नव्हे, तर लाभधारकाचे स्थान मिळेल.