हजारपट, पण कोणाच्या हिशेबाने?

संगणकाला केबलने जोडायचे छोटे सूक्ष्मदर्शक आता प्राथमिक शाळेलाही परवडतात. इंटेल आणि मॅटेल या कंपन्यांनी १९९९ साली मुलांसाठी ‘क्यूएक्स३’ हे उपकरण काढले, तेव्हा त्यावर १०, ६० आणि २०० पट असे तीनच आकडे होते. आज त्याहून साध्या उपकरणाच्या खोक्यावर सर्रास १००० पट किंवा १६०० पट असे छापलेले असते. या आकड्यावर आमचा मुख्य आक्षेप आहे.

भिंगाखाली मोजपट्टी ठेवून पाहा. समजा, पडद्यावर आडवे २ मिलिमीटर मावले आणि तिथे चित्राची रुंदी ३२० मिलिमीटर भरली. म्हणजे वस्तू १६० पट मोठी दिसते. आता तेच चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर २ मीटर रुंद करा. झाले १००० पट! पण नवे काही दिसले का? आडव्या ओळीत ६४० चित्रबिंदू असतील तर एकेक बिंदू वस्तूचा सुमारे ३ मायक्रॉनचा भाग व्यापतो. त्याहून बारीक तपशील भिंतीवरही सापडणार नाही. दह्यातल्या जीवाणूंची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास असते. तेव्हा दह्याच्या थेंबातले ठिपके दाखवून ‘हे बघा जीवाणू’ असे सांगणे म्हणजे मुलांना चुकीचे शिकवणे होय. ते बहुधा स्निग्धाचे किंवा प्रथिनांचे गोळे असतात.

कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मात्र पुरेशा मोठ्या असतात. तिथे अडते ते प्रकाशामुळे. क्यूएक्स३ला वरून आणि खालून असे दोन्ही दिवे होते; स्वस्त उपकरणांत बहुधा भिंगाभोवतीचेच असतात. त्यांच्या उजेडात पापुद्रा नुसता चकाकतो. वरचे दिवे मंद करून, काचपट्टीखाली ट्रेसिंग पेपर आणि त्याखाली बॅटरी ठेवली तर काम भागते.

या साधनाचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकापाशी रांग लागते, प्रत्येक जण ‘हो बाई, दिसलं’ म्हणतो, आणि काहींनी स्वतःच्या पापण्याच पाहिलेल्या असतात! पडद्यावर सगळ्यांना एकच गोष्ट दिसते, बोट ठेवून तिच्याविषयी भांडता येते. पण म्हणून उपकरण शिक्षकांच्याच हातात राहिले तर वर्गाच्या वाट्याला फक्त चित्रे येतात, आणि ती पुस्तकात याहून चांगली छापलेली असतात. नजर साधायची, हरवलेली मुंगी पुन्हा शोधायची, हे मुलांनीच करायला हवे. आधी पट्टीचा फोटो, मग वस्तूचा, आणि मधे भिंगाचे अंतर बदलायचे नाही, एवढा नियम चौथीच्या मुलांनाही पाळता येतो. मिठाचा दाणा किती मिलिमीटरचा, हे मग ती स्वतःच सांगतात.

सुरुवातीला वर्तमानपत्रातला रंगीत फोटो घ्यावा. त्यातले सुटे रंगीत ठिपके लगेच दिसतात. नंतर उपकरण संगणकाच्याच पडद्यावर, एखाद्या पांढऱ्या जागेला टेकवावे. तिथे पांढरे काहीच सापडत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या तेवढ्या ओळीने मांडलेल्या दिसतात.