बुडालेल्या वाटेचे पुस्तक

नर्मदा परिक्रमेवरचे मराठी लेखन बहुधा मृत्यूच्या पलीकडे पाहते. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मध्ये साधना आणि तिच्यातून येणारे अनुभव केंद्रस्थानी आहेत. गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये विरक्ती आणि माणसाची ओढ यांचा झगडा आहे. जबलपुरात राहून हे सारे वाचताना मला अमृतलाल वेगड वेगळे वाटत आले आहेत.

वेगड (1928–2018) जबलपूरचे. घरची भाषा गुजराती, चित्रकलेचे शिक्षण शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे. लिहिले हिंदी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे त्यांचे पुस्तक मराठी वाचकालाही परके नाही. चित्रकलेच्या या शिक्षकाने 1977मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याकडे चालायला सुरुवात केली. घरदार, नोकरी सांभाळून, सुट्ट्यांचे हिशेब जुळवत, तुकड्यातुकड्यांनी.

या तुकड्यांत मला त्यांच्या लेखनाचे मर्म दिसते. आयुष्य हाती किती उरले आहे हे ठाऊक नसलेला माणूस एकेक टप्पा चालतो आणि घरी परततो. त्यामुळे मुक्कामाला मिळालेली भाकरी, पडवीतली जागा, धुक्यातला घाट यांतले काहीच त्याला गृहीत धरता येत नाही. वेगडांची कृतज्ञता इथून येते. ती उपदेश करत नाही, तपशील टिपते. कोलाज करणाऱ्या चित्रकाराची नजर वाक्यांतही आहे: थोडे रंग, ठळक आकार आणि मधेच स्वतःची केलेली थट्टा.

पुढे बरगीचे धरण झाले आणि जबलपूर-मंडला वाटेवरचा जुना काठ मोठ्या प्रमाणावर जलाशयाखाली गेला. माणूस मरतो आणि नदी उरते, हा आपला नेहमीचा दिलासा. इथे लिहिणारा हयात असतानाच त्याची वाट बुडाली. आज ती पाने वाचणे म्हणजे एका गेलेल्या काठाचे दर्शन घेणे आहे.

माझी तक्रारही इथेच आहे. वेगड बुडणाऱ्या काठासाठी हळहळतात, पण ही किंमत कुणाकडून वसूल झाली, हा प्रश्न ते फार ताणत नाहीत. घर गमावलेल्या माणसाला सौंदर्याची आठवण पुरत नाही. कृतज्ञतेचा सूर कधी कधी रागाची जागाही व्यापून टाकतो.

तरीही 2002मध्ये, पंचाहत्तरीच्या तोंडावर, ते पत्नी कांताबाईंसह पुन्हा काठाने चालू लागले, हे मला त्यांच्या कोणत्याही विधानापेक्षा मोलाचे वाटते. ‘तीरे-तीरे नर्मदा’ या त्यांच्या पुस्तकात थकलेल्या पायांची जाणीव आहे, घाई मात्र नाही. आयुष्याचा हेतू शोधणाऱ्या वाचकाने हे पुस्तक जरूर वाचावे. हेतूवर प्रवचन त्यात मिळणार नाही. उद्याचा टप्पा कुठवर, एवढाच विचार करणारे दोन वृद्ध भेटतील.