हस्तलिखितांच्या छायाप्रती व हरताळ

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र. तेथें २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. अशा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत वाचकांनीं स्वतः चालवावयाचा स्कॅनर केवळ वेग पाहून निवडणें आम्हांस मान्य नाहीं. जुने लेखक चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावीत. निव्वळ कृष्णधवल प्रतींत तो लेप कागदाशीं एकरूप होऊन खालचें अक्षर काळें उमटूं शकतें. मग रद्द केलेला पाठच संपादक मूळ समजून स्वीकारील. लीळाचरित्रासारख्या ग्रंथाच्या पाठनिर्णयांत हा दोष अक्षम्य होय. शिवाय काचेवर उपडें दाबल्यानें जुनी शिवण उसवते. यास्तव रंगीत प्रत, वरून टिपणारा कॅमेरा व पानाशेजारीं मोजपट्टी हीं तीन अंगें प्रथम पाहावीं. वेगाचा विचार त्यानंतर.